दारावरची थाप

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि डिशवॉशर थांबायचं नाव घेत नव्हता. आत भांडी तशीच, साबणाची वडी तिच्या कप्प्यात कोरडी ठणठणीत, आणि तळातून एकसारखा घूंऽऽ असा आवाज. बटण दाबून बंद केलं की क्षणभर गप्प, चालू केलं की पुन्हा तेच. पाणी आत येतच नव्हतं, आणि नसलेलं पाणी बाहेर टाकण्याचं काम तो जिवाच्या आकांतानं करत होता. शेवटी मी भिंतीतला प्लग उपटला. स्वयंपाकघर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत सिंकचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आई ओट्यापाशी उभी होती. डाव्या हातात ताटली धरून उजव्या हातानं घासायला तिनं सुरुवातही केली होती.

हा डिशवॉशर त्या उजव्या हातासाठीच घरात आला होता. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं, उतरलं, व्यायाम झाले. तरी घासण्या-पिळण्याची हालचाल झाली की ते रात्रभर ठणकायचं. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा एवढं एकच काम मी तिच्या हातून काढून घेतलं होतं.

"आई, ठेव ते. मी करते."

"अगं, चार तर भांडी आहेत. तू ते बघ आधी."

पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत होते. पुस्तिकेत त्या आकड्यांपुढे एवढंच लिहिलं होतं की तंत्रज्ञाला बोलवा. बोलावलं. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. नऊ दिवस आईला सिंकपासून लांब ठेवणं मला जमणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमिनीवर एक जुना टॉवेल अंथरला आणि त्या यंत्रासमोर बसले.

बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की, तीन वर्षं रोज वापरूनही हे यंत्र आत नेमकं काय करतं ते मला ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी होती की दार लावलं की आतली सगळी पेटी पाण्यानं भरत असणार. तसं काहीच होत नाही. तळाशी जेमतेम तीन-चार लिटर पाणी येतं. एक पंप तेच पाणी खालून उचलून फिरणाऱ्या हातांमधून भांड्यांवर मारतो, ते खाली गळतं, जाळीतून गाळलं जातं आणि पुन्हा वर जातं. तेवढंच पाणी शेकडो वेळा भांड्यांवरून फिरतं. मधेच हीटर ते तापवतो, ठरल्या वेळी साबणाच्या कप्प्याचं झाकण उघडतं, मग दुसरा एक छोटा पंप सगळं मळकट पाणी बाहेर टाकतो आणि नव्या पाण्यानं खळबळणं सुरू होतं. अख्ख्या धुण्याला नव्या यंत्रांत साधारण दहा-बारा लिटर पाणी पुरतं. नळ सोडून तेवढीच भांडी हातानं धुतली तर त्याहून कितीतरी जास्त जातं.

हा क्रम एकदा डोक्यात बसला की बिघाड शोधण्याची रीत आपोआप सुचते. यंत्र कुठल्या पायरीपर्यंत नीट आलं आणि कुठे अडलं? पाणीच आलं नाही तर नळ, नळी, आत घेणारा व्हॉल्व आणि त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. पाणी आलं पण भांडी ओली होईनात तर मोठा पंप किंवा फवारणारे हात. सगळं झालं पण पाणी तळाशी साचून राहिलं तर जाळी, छोटा पंप, बाहेरची नळी. माझ्याकडे पाणी येत नव्हतं आणि छोटा पंप अखंड चालत होता. मी विचार केला, ओरडतोय पंप, म्हणजे दुखणं पंपाचं.

प्लग काढून नजरेसमोर ठेवला, नळ बंद केला. पाणी आणि वीज एकाच डब्यात असलेल्या वस्तूला हात लावताना हे दोन्ही केल्याशिवाय पुढे जाऊच नये; बटण बंद असणं पुरेसं नसतं. तळातली पाणी गाळायची जाळी अर्धा वळसा फिरवून वर काढली. तिच्यात एका बरणीच्या लेबलचा लगदा आणि अन्नाचे थोडे कण होते, पाणी अडेल एवढं काही नव्हतं. जाळीखालच्या खळग्यात हात घालण्याआधी टॉर्च मारून नीट पाहून घेतलं, कारण तिथं फुटलेल्या पेल्याची काच दडून बसलेली असते आणि साबणाच्या पाण्यात ती दिसत नाही. खळग्याच्या एका कडेला पंपाचं छोटं झाकण होतं. ते काढल्यावर आतलं चार पात्यांचं चाक दिसलं. लाकडी काडीनं फिरवून पाहिलं, तर ते सरळ फिरेना. अडकल्यासारखं व्हायचं, मग टचकन पुढच्या जागी जायचं.

मला वाटलं, सापडलं! पंप अडकलाय. तासभर त्या चाकाशी झटले. नंतर वाचल्यावर कळलं की त्याचं ते अडखळणंच निरोगीपणाचं लक्षण आहे. या छोट्या पंपाच्या आत कायमचा चुंबक असतो. हातानं फिरवताना तो चुंबक ठरावीक जागा धरून ठेवतो आणि आपल्याला खाचा लागल्यासारख्या वाटतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. साध्या बांधणीच्या अशा पंपाला कुठल्या बाजूनं फिरायचं याचं बंधन नसतं. तो दर वेळी कधी इकडून तर कधी तिकडून सुरू होतो, म्हणूनच त्याची पाती वाकडी न ठेवता सरळ ठेवलेली असतात. मल्टिमीटर लावला, पंपाच्या वेटोळ्याचा रोध दीडशे ओहमच्या आसपास आला. तार शाबूत होती. उगाच हीटरही मोजला, 26 ओहम. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॉटच्या हीटरचा हिशेब बरोबर तेवढाच येतो. सगळे आकडे तंदुरुस्त माणसाचे आणि माणूस अंथरुणाला खिळलेला, अशी स्थिती.

त्या संध्याकाळी पायाजवळची पट्टी काढली तेव्हा खरी गोष्ट दिसली. यंत्राच्या अगदी तळाशी, सगळ्या पंप-नळ्यांच्या खाली, एक उथळ परात असते. ती भांडी धुण्याच्या कामाची नाही. वरून कुठून गळती झालीच तर ते पाणी जमिनीवर न जाता या परातीत पडावं, एवढ्यासाठी ती. परातीत थर्माकोलचा एक तुकडा ठेवलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला स्विच. परातीत बोटभर पाणी साचलं की थर्माकोल तरंगतो, स्विच दाबला जातो आणि यंत्राला कळतं की कुठंतरी गळतंय. मग ते नवं पाणी आत घ्यायचं थांबवतं आणि पेटीत जे काही असेल ते बाहेर फेकायला छोटा पंप लावून देतं, स्विच सुटेपर्यंत. परातीतलं पाणी मात्र त्या पंपाला उपसता येत नाही, म्हणून तो चालतच राहतो.

म्हणजे आदल्या रात्री जे घूंऽऽ चाललं होतं तो बिघाड नव्हताच. घरात पाणी घुसू नये म्हणून ते यंत्र पहारा देत होतं. मी मात्र पहारेकऱ्यालाच चोर समजून त्याचे हातपाय तपासत बसले होते. हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ काहीच केलं नाही. कोण्या अनोळखी माणसानं, माझं घर कधीही न पाहता, माझ्या जमिनीची काळजी घेतली होती. थर्माकोलच्या एका तुकड्यात एवढा विचार भरता येतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

परातीच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालून स्पंजनं सगळं पाणी टिपून घेतलं. थर्माकोल खाली बसला, स्विच सुटल्याची बारीक टिक ऐकू आली. प्लग लावला. पाणी आलं. भांडी निघाली. मी आईला म्हटलं, "झालं बघ." तीन दिवस सगळं सुरळीत होतं.

चौथ्या रात्री पुन्हा घूंऽऽ.

पुष्कळ लोक इथं यंत्र तिरकं करून परातीतलं पाणी ओतून देतात आणि काम चालू ठेवतात. मीही वेगळं काही केलं नव्हतं. हा उपाय करूच नये असं मी म्हणणार नाही, अडलेल्या रात्री त्यानं वेळ निभावते. पण धोक्याची घंटा वाजल्यावर घंटेची दोरी कापण्यातलाच तो प्रकार आहे. पाणी कुठून येतं हा प्रश्न तसाच राहतो, आणि त्या परातीशेजारीच वायरी असतात.

आता संशयितांची यादी पंपापासून उलटी फिरली. प्रत्येक गळतीला आधी विचारावं असं एक म्हणजे फेस. हातानं भांडी घासायचा साधा साबण चुकून जरी आत गेला, तरी फेसाचा डोंगर होतो, तो दाराच्या फटीतून बाहेर पडतो आणि परातीत जाऊन पाणी होतो. यंत्राचा साबण मुद्दाम कमी फेसाचा बनवलेला असतो. त्यात फेसापेक्षा क्षार आणि एन्झाइम काम करतात, प्रथिनं आणि पिष्ट तोडणारी एन्झाइम. घरात सगळ्यांना विचारलं. मुलानं शपथ घेतली, आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. धुणं मधेच थांबवून दार उघडून पाहिलं तर फेस नव्हता. तो बाद.

मग पाणसळ. यंत्र पुढे झुकलेलं असेल तर तळातलं पाणी दाराकडे येतं. पाणसळीतला बुडबुडा केसभर सरकलेला होता. पुढचे पाय पान्यानं वर केले, बुडबुडा मधोमध आणला. मनाला बरं वाटलं, गळती थांबली नाही. मग दाराचं रबर. कडेनं फिरणारं रबर ओल्या फडक्यानं पुसलं, त्याच्या घडीतून काळा चिकट थर निघाला. दाराच्या खालच्या ओठाशी एक वेगळी पट्टी असते, ती थोडी कडक वाटली म्हणून नवी मागवून बसवली. त्याही रात्री परात ओली. ती जुनी पट्टी अजून माझ्या खणात आहे, आणि आज हातात घेऊन पाहिलं तर तिच्यात काहीही दोष नाही.

या सगळ्यात आठवडा गेला होता. रोज रात्री मी भांडी घासायची आणि सकाळी उठून पाहावं तर आईनं चहाचे कप आधीच धुऊन पालथे घातलेले. एकदा तिला मनगट दुसऱ्या हातानं धरून खिडकीशी उभी असलेली पाहिलं. मी दिसताच तिनं हात सोडला.

त्या दिवशी मी तंत्रज्ञाला फोन केला. त्याला यायला अजून दोन दिवस होते, पण तो चांगला माणूस निघाला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी परातीत कुठल्या बाजूला आधी येतं?" मला सांगता येईना. तो म्हणाला, "मग अजून एकही पार्ट मागवू नका. परात कोरडी करा, कोरडे कागद पसरा, त्यांना नंबर घाला. धुणं लावा आणि दर पाच मिनिटांनी टॉर्च मारून बघा. हात आत घालायचा नाही."

इतकी साधी गोष्ट, आणि ती मला सुचली नव्हती. टिपकागदाचे सहा तुकडे कापले, पेन्सिलीनं नंबर घातले. दोन मागे, जिथं नळाची नळी येते. दोन मधे, मोठ्या पंपाच्या खाली, कारण पंपाच्या आसाभोवतीचं सील झिजलं की गळती तिथं होते. दोन पुढे, दाराखाली. लांब दांड्याच्या चिमट्यानं ते परातीत ठेवले, मग प्लग लावला आणि पोटावर आडवी पडून बघत राहिले. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. पाणी तापायला लागलं असावं त्या सुमाराला पाच नंबरच्या कागदाची पुढची कड काळपट झाली. बघता बघता पेन्सिलीतला पाच भिजला. मागचे आणि मधले कागद शेवटपर्यंत कोरडे होते. म्हणजे नळी निर्दोष, पंप निर्दोष. पाणी दारातूनच येत होतं, डाव्या कोपऱ्याच्या जरा अलीकडून. पण दाराचं रबर तर मी पुसलं होतं, पट्टी बदलली होती.

मी तशीच आडवी पडले होते आणि आई शेजारी खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "ती थाप ऐकू येते का गं तुला?"

"कसली थाप?"

"दारावर पडते ती. थप्, मग जरा थांबून पुन्हा थप्. आधी नुसती सळसळ असायची. गेले तीन-चार आठवडे ही थाप आहे. मी म्हटलं होतं तुला."

तिनं म्हटलं होतं. मला आठवलंही. "आवाज बदललाय गं याचा," असं ती एकदा जेवताना म्हणाली होती, आणि मी "जुना होतोय" म्हणून विषय संपवला होता. आईचा दिवसाचा बराच वेळ स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर जातो. यंत्र आमच्यासाठी रात्री चालतं आणि आम्ही दार लावून निघून जातो. ते ऐकणारं घरात एकच माणूस होतं. मी पडदा वाचला, पुस्तिका वाचली, मल्टिमीटरचे आकडे वाचले, इंटरनेटवर अनोळखी लोकांनी लिहिलेलं सगळं वाचलं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारलं नाही.

मी डोळे मिटून ऐकलं. सळसळ, सळसळ, आणि तिच्यात खरंच एक थाप. दोन-तीन सेकंदांनी एकदा, अगदी नेमानं, दाराच्या खालच्या भागावर. नेमानं येणारा आवाज म्हणजे फिरणारी वस्तू. आणि दाराजवळून नेमानं फिरत जाणारी वस्तू आत एकच असते, खालचा फवारणारा हात.

त्या हाताला मोटर नसते हे मला तोवर माहीत नव्हतं. पंप त्यात दाबानं पाणी ढकलतो. वरच्या बाजूला ओळीनं भोकं असतात आणि त्यांतली काही मुद्दाम तिरकी पाडलेली असतात. पाणी एका बाजूला उसळतं, तसा हात दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या गोळ्याचं वर्णन केलं होतं, त्यातलंही तत्त्व हेच. कुणीही फिरवत नसताना तो हात फिरतो आणि आपल्या फिरण्यातूनच प्रत्येक ताटलीपर्यंत पाणी पोचवतो.

भांडी धुण्याच्या यंत्राची सगळी कल्पनाच या नेमावर उभी आहे. 1850 साली अमेरिकेत जोएल हॉटन यांनी हातानं फिरवायच्या लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं, पण ते भांड्यांवर नुसतं पाणी उडवायचं. खरं चालणारं यंत्र केलं ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफीन कॉक्रन यांनी. 1883 साली नवरा गेला आणि मागे कर्ज उरलं. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन त्यांनी हे यंत्र उभं केलं. ताटल्यांची मापं घेऊन त्या बेतानं तारेचे कप्पे वळवले, ते कप्पे तांब्याच्या बॉयलरमध्ये बसवले आणि साबणाचं गरम पाणी दाबानं त्यांवर सोडलं. घासणारा ब्रश नाही. काम करायचं ते पाण्यानं. 28 डिसेंबर 1886 ला त्यांना पेटंट मिळालं, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडलं गेलं. घेणारे बहुतेक हॉटेलवाले होते. घराघरांत एवढं गरम पाणीच तेव्हा नव्हतं. चांगल्या बशांचे टवके उडतात म्हणून त्या आधी स्वतः भांडी धुवायला लागल्या होत्या आणि ते काम काय असतं हे हातांना कळल्यावर यंत्राच्या मागे लागल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मला ते मनापासून पटतं. माझ्या घरातही यंत्राची सुरुवात हातापासूनच झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी ठेवायची खालची जाळी बाहेर ओढली आणि फवारणारा हात वर उचलून काढला. वरून पाहिलं तर काही नाही. तीन भोकं पांढऱ्या क्षारानं आणि लेबलच्या लगद्यानं बुजली होती. ती टूथपिकनं मोकळी केली आणि क्षणभर वाटलं की एवढंच असेल. मग तो हात नळाखाली धरला, मधल्या तोंडातून पाणी भरलं आणि आडवा धरून बघितला. भोकांतून पाणी वर आलं, आणि एका टोकाशी, कडेनं, एक पातळ चकचकीत पडदा सुटला. हा हात दोन प्लास्टिकच्या अर्धुकांचा जोडलेला असतो. एका टोकाला तो जोड चार बोटं उकलला होता. बोटांनी दाबलं की मिटायचा, सोडलं की पुन्हा उघडायचा. कोरडा असताना ती फट दिसतही नव्हती.

एकदम सगळं जुळलं. पंपाच्या दाबानं ती फट उघडत होती आणि तिथून पाण्याची सपाट पट्टी आडवी बाहेर पडत होती. हात फिरताना दर फेरीला ती पट्टी दाराच्या खालच्या ओठावर आदळत होती, थप्. दाराची ती कड ओघळणारं पाणी अडवायला केलेली असते, सरळ मारा झेलायला नाही. प्रत्येक थापेला थोडं पाणी पट्टीवरून पलीकडे जायचं. तेवढ्यानं जमिनीवर डागही पडला नसता. पण एका धुण्यातल्या शेकडो फेऱ्यांनी परातीत पेलाभर जमायचं, तीन-चार धुण्यांनी थर्माकोल तरंगायचा. गरम पाण्यानं जोड सैल होत असावा, म्हणून पाच नंबरचा कागद वीस मिनिटांनी भिजला.

आणि दुसरंही एक उलगडलं. गेला महिनाभर खालच्या जाळीतल्या पुढच्या ताटल्यांवर एक पातळ थर राहत होता. मी साबणाची वडी बदलली होती, मग खळबळल्यावर चकाकी देणारं द्रव वाढवलं होतं, मग आईच्या भांडी लावण्याला बोल लावला होता. "अशा एकमेकींना चिकटवू नकोस," असं मी तिला जरा तोडूनच म्हटलं होतं. तिनं त्यानंतर दोन ताटल्यांमध्ये एक घर मोकळं सोडायला सुरुवात केली होती, निमूटपणे. पाणी फटीतून वाया जात होतं, त्यामुळे भोकांतला दाब कमी पडत होता. ताटल्या तिनं बरोबरच लावल्या होत्या.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं." पण मी पुन्हा सांगितलं, नीट, त्या फुटक्या हातातून पाणी काढून दाखवत. ओट्यावर पाणी सांडलं, तिच्या पदरावर उडालं. ती हसली आणि तो प्लास्टिकचा हात माझ्याकडून घेऊन ती फट दाबून-सोडून बघत राहिली.

तंत्रज्ञाला फोन करून वेळ रद्द केली. काय निघालं ते सांगितल्यावर तो म्हणाला, नवीन हातच घाला, चिकटवायच्या भानगडीत पडू नका, गरम पाणी आणि तो साबण कुठलाही गोंद फार दिवस धरू देत नाही. यंत्राच्या दाराच्या कडेला जो नंबर छापलेला असतो त्याच्यावरून नेमका भाग मिळाला. बसवायला अर्धं मिनिट लागलं, नुसतं दाबायचं, टक् झालं की बसला. पंपात, विजेच्या जोडणीत, कंट्रोल बोर्डात काही निघालं असतं किंवा जळका वास आला असता, तर मी हात लावला नसता. तिथं ज्याचं काम त्यानंच करावं. पण हा भाग काढून धुवायला म्हणूनच केलेला असतो, आणि तो मी तीन वर्षांत एकदाही काढला नव्हता.

त्या रात्री परातीत पुन्हा सहा कोरडे कागद ठेवले, भांडी लावली, दार बंद केलं. मुलगा झोपला होता. दिवा मालवून मी आईच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. आधी पाणी यायचा फसफसता आवाज, मग जरा गप्प, मग मोठा पंप उचलला आणि सळसळ सुरू झाली. मी थापेची वाट बघत होते. ती आली नाही. टॉर्च मारून पाहिलं, पाच नंबरचा कागद कोरडा होता. पाणी तापलं, अर्धा तास झाला, तरी कोरडाच.

"आई, थाप नाही ना येत आता?"

ती लगेच बोलली नाही. मान किंचित कलती करून ऐकत राहिली.

"थाप नाही," ती म्हणाली. "पण वर काहीतरी किणकिणतंय. मागच्या बाजूला. एक पेला दुसऱ्याला लागतोय बघ."

मला ते ऐकू येत नव्हतं. मी उठून यंत्र थांबवलं, फवारा शांत होऊ दिला, वाफ निघून जाईपर्यंत दार बोटभर उघडं धरलं आणि वरची जाळी बाहेर ओढली. मागच्या रांगेत दोन काचेचे पेले एकमेकांना टेकले होते. एक उचलून पलीकडच्या घरात ठेवला, दार लावलं आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

"आता?"

"थांब," आई म्हणाली, "सुरू तर होऊ दे."